चार्जिंग स्टेशन ‘लवकरच सेवेत’: तोवर गाडी कशी चालवायची, वाट कशी बघायची

आमच्या गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर, हवा भरायच्या मशीनशेजारी, कपाटाएवढं एक यंत्र उभं आहे. अंगावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळलेलं आहे, ते वाऱ्याने एका कडेला फाटलंय. दोन जाड काळ्या केबली हुकाला अडकवलेल्या आहेत. मागच्या भिंतीवर फलक: ‘ईव्ही चार्जिंग स्टेशन, लवकरच आपल्या सेवेत’. मी गाडी बुक केली तेव्हा हा फलक नवाकोरा होता, आणि गाडी घ्यायचं धाडस मी निम्मं त्याच्याच भरवशावर केलं. त्याला आता आठ महिने होत आले.

आमचं गाव गुहागर–विजापूर महामार्गावरचं, तालुक्याचं. कऱ्हाड चाळीसेक किलोमीटर. तिथे हवी तेवढी फास्ट चार्जिंगची ठिकाणं आहेत, पण रोज चाळीस किलोमीटर जाऊन गाडी चार्ज करणं कुणालाच परवडणार नाही. तरी या आठ महिन्यांत गाडी एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. स्टेशन नसताना गाडी सुखाने चालते. फक्त काही गोष्टी आधी करून ठेवाव्या लागतात, आणि स्टेशन कुठवर आलंय हे फलकावरून न ठरवता डोळ्यांनी बघायला शिकावं लागतं. गावातले चार-पाच जण ‘स्टेशन झालं की घेतो गाडी’ म्हणून थांबलेत, आणि दोघांनी घेऊन ठेवलीय. त्या सगळ्यांना तोंडी सांगितलेलं इथे नीट लिहून काढतो.

आधी बघा, येणारं यंत्र तुमच्या गाडीच्या कामाचं आहे का

हे सगळ्यात आधी, कारण काही जण ज्या यंत्राची वाट बघतायत ते त्यांच्या गाडीला चालणारच नाही.

गाडीचं चार्जिंगचं झाकण उघडा. आत वरच्या गोलात सात पिना आणि त्याखाली दोन जाड पिना दिसल्या, तर तुमच्या गाडीला सीसीएस-२ प्रकारची जोडणी आहे. सध्याच्या बहुतेक चारचाकींना हेच असतं, आणि पंपावर बसणाऱ्या फास्ट चार्जरच्या गनही, म्हणजे केबलच्या टोकाला असलेल्या जोडण्या, याच असतात. फक्त वरचा गोल असेल आणि खालच्या दोन पिना नसतील, तर गाडी एसीवरच, म्हणजे घरी येते तशा विजेवर, सावकाश चार्ज होते. एमजी कॉमेटचं असंच आहे. अशी गाडी असेल तर पंपावर ६० किलोवॉटचं यंत्र येवो की २४० चं, तुम्हाला काही फरक पडत नाही. तुमचं लक्ष घरच्या सॉकेटकडे आणि एसी चार्जरकडे हवं. जुनी ई-व्हेरिटो किंवा सुरुवातीच्या काळातली टिगोर ईव्ही सेकंड हँड घेत असाल, तर तिला जीबी-टी नावाची वेगळी गन लागते. त्या गनची १५ किलोवॉटची यंत्रं आता नव्याने फारशी बसत नाहीत. व्यवहार करताना हे लक्षात ठेवा.

स्कूटरवाल्यांसाठी तर सरळच सांगतो: पंपावरचं मोठं यंत्र तुमच्यासाठी नाही. एथर आणि हिरोच्या विडाची जोडणी एकच आहे, २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला मानक म्हणून मान्यताही दिली. ओलाची वेगळी आहे. बाकी बहुतेक स्कूटरी घरच्या साध्या सॉकेटवर रात्रीत भरतात आणि त्यातच त्यांचं सुख आहे.

मग किलोवॉट. यंत्रावर चिकटवलेल्या पत्र्यावर ३०, ६०, १२० असा आकडा असतो. दोन गनचं ६० चं यंत्र बहुधा दोन गाड्या लागल्या की तीस-तीस वाटून देतं. आणि गाडी स्वतः जेवढं घेऊ शकते त्यापेक्षा जास्त कधीच घेत नाही. टियागो ईव्हीसारखी छोटी गाडी पंचवीसच्या आसपासच घेते, म्हणजे १० पासून ८० टक्क्यांपर्यंत जायला तासभर. तिच्यासाठी ३० चं यंत्र आणि १२० चं यंत्र सारखंच.

स्टेशन कुठवर आलंय ते ओळखायचं कसं

मला वाटायचं, यंत्र बसलं म्हणजे काम संपलं. प्रत्यक्षात यंत्र बसवणं हे सगळ्यात सोपं काम. ट्रकमधून उतरवलं, काँक्रीटच्या ओट्यावर ठेवलं, चार बोल्ट मारले, दोन दिवसांत झालं. अडतं ते विजेच्या जोडणीपाशी.

हिशोब साधा आहे. ६० किलोवॉटचं यंत्र पूर्ण चाललं की साधारण ६५ केव्हीएचा भार ओढतं. गावातल्या डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ६३, १०० किंवा २०० केव्हीएच्या. शंभराच्या डीपीवर आधीच सव्वाशे घरं, एक पिठाची गिरणी आणि दोन वेल्डिंगची दुकानं असली, तर तिच्यात हे यंत्र बसणार कुठे? संध्याकाळी साऱ्या गावाचे दिवे मंद होतील. म्हणून पंपासाठी बहुधा स्वतंत्र डीपी उभारावी लागते, आणि तिथपर्यंत उच्चदाबाची तार ओढावी लागते. मधे कुणाचं शेत आलं, झाड आलं, रस्ता ओलांडायचा झाला, की प्रत्येकाची वेगळी परवानगी.

तेव्हा पंपावर गेलात की यंत्राकडे बघू नका, यंत्राच्या मागे आणि वर बघा.

नुसता फलक आणि ओटा असेल, तर अजून काहीच ठरलेलं नाही असं धरा. मार्च २०२३ मध्ये केंद्राने तीन सरकारी तेल कंपन्यांना मिळून ७,४३२ फास्ट चार्जिंग स्टेशनांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. पंपापंपांवर असे फलक आणि ओटे दिसायला लागले त्यामागे हे मोठं कारण आहे. ओटा बांधणं पंपाच्या हातात असतं, तार आणणं नसतं.

यंत्र उभं आहे पण जवळपास नवा खांब नाही, तर अर्ज बहुधा महावितरणच्या कार्यालयात आहे. इथे विचारायचा प्रश्न एकच: ‘कोटेशन भरलं का?’ महावितरणचे लोक जागा बघून जातात, किती भार मागितलाय आणि जवळच्या वाहिनीत किती शिल्लक आहे ते तपासतात, एस्टिमेट करतात आणि अर्जदाराला पैसे भरायचं कोटेशन देतात. ते भरेपर्यंत पुढे काहीच हलत नाही. कोटेशन भरलेलं नसेल, तर ‘पुढच्या महिन्यात चालू’ या उत्तराला काही अर्थ नाही, सांगणारा कितीही मनापासून सांगत असला तरी.

दोन खांबांचा सांगाडा उभा राहिला, मधे ट्रान्सफॉर्मर चढला, वर उच्चदाबाच्या तारेचे डीओ फ्यूज दिसले, की समजा अवघड टप्पा मागे पडला. मी रोज सकाळी दूध आणायला त्या वाटेने जातो. खांब उभे राहिल्यावर ट्रान्सफॉर्मर चढायला आमच्याकडे सात आठवडे गेले. दोन्ही खांबांच्या मधल्या चॅनेलवर चिमणीने घरटं केलं होतं तोवर.

त्यानंतर मीटरची पेटी. एवढ्या भाराला साधा मीटर चालत नाही, मोठा प्रवाह मोजणारा सीटी मीटर लागतो. तो तपासून येतो, बसतो आणि मग त्याला सील लागतं. पेटी आहे पण सील नाही, म्हणजे वीज चालू झालेली नाही. याच सुमारास विद्युत निरीक्षकांची तपासणी, ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, अर्थिंगची मोजणी ही कामं चालतात. पेटीशेजारी जमिनीत छोट्या चौकोनी झाकणांचे खड्डे दिसतील, ते अर्थिंगचे. ते झाले असतील तर काम खरंच शेवटाकडे आहे.

शेवटची खूण म्हणजे पडद्यावर उजेड. यंत्राचा पडदा लागला, तरी लगेच गाडी लावता येईल असं नाही. यंत्रात सिमकार्ड असतं, ते कंपनीच्या सर्व्हरला जोडलं जातं, दर भरले जातात, एका गाडीवर चाचणी होते आणि मग अॅपवर ठिकाण दिसायला लागतं. आमच्या शेजारच्या तालुक्यात पडदा लागल्यापासून अॅपवर यायला अठरा दिवस लागले, कारण पंपाच्या पत्र्याच्या छताखाली मोबाइलची रेंजच येत नव्हती. शेवटी अँटेना बाहेर काढून खांबाला लावली.

कुणाला विचारायचं

पंपावरच्या मुलांना विचारून उपयोग नाही. त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं आणि ते बिचारे रोज तेच उत्तर देऊन कंटाळलेले असतात. पंपाच्या मॅनेजरना भेटा. ‘साहेब, कोटेशन भरलं का आणि भरलं असेल तर काम कुठल्या ठेकेदाराकडे आहे?’ एवढंच विचारा. नेमका प्रश्न विचारला की नेमकं उत्तर मिळतं. ठेकेदार बहुधा तालुक्यातलाच असतो आणि त्याला खांब कधी येणार ते पक्कं माहीत असतं.

नियम माहीत असलेला बरा. वीज ग्राहक हक्क नियमांत २२ फेब्रुवारी २०२४ ला दुरुस्ती झाली. पूर्ण अर्ज आल्यावर नवीन जोडणी महानगरात ३ दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत द्यायची असं त्यात आहे. डोंगराळ ग्रामीण भागासाठी ३० दिवस. पण नवी तार, नवी डीपी लागणार असेल तर ही मुदत तशीच्या तशी लागू होत नाही. आपलं स्टेशन बहुधा याच प्रकारात बसतं. म्हणून शाखा कार्यालयात जाऊन ‘पंधरा दिवस उलटले’ म्हणत आवाज चढवू नका. सहायक अभियंत्यांना शांतपणे विचारलं तर ते वहीत बघून सांगतात, हा माझा अनुभव.

आणखी एक करा. गावात जितक्या इलेक्ट्रिक गाड्या आहेत त्या मालकांनी मिळून, गाडीचं मॉडेल आणि महिन्याला किती चार्जिंग लागेल ते लिहून, एकच पत्र चार्जिंग कंपनीला आणि पंपाला द्या. आम्हीही दिलं. यंत्र बसवणाऱ्याला भीती असते ती यंत्र रिकामं उभं राहायची. पत्रातल्या आकड्यांनी ती थोडी कमी होते. आमच्या पत्रानंतर पंधरवड्यात ठेकेदार जागा बघून गेला; पत्रामुळेच गेला असं मी म्हणणार नाही, पण पत्राची प्रत त्याच्या हातात होती.

घरचं चार्जिंग आधी पक्कं करा

वाट बघण्याचं ओझं वाटतं ते घरचं चार्जिंग कच्चं असल्यामुळे. ते पक्कं झालं की पंपाच्या यंत्राची गरज महिन्यातून दोन-तीनदाच उरते.

गाडीबरोबर मिळणारा पोर्टेबल चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटला लागतो आणि तासाला साधारण अडीच ते तीन युनिट ओढतो. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तास धरले तर कमीत कमी वीस युनिट. त्यातली थोडी उष्णतेत जातात; सतरा-अठरा बॅटरीत पडतात. आमची गाडी युनिटला सात किलोमीटर देते, म्हणजे एका रात्रीत एकशेवीस किलोमीटर. तालुक्यात रोज एवढं कोण फिरतं?

पण हे आठ तास म्हणजे गिझरसारखी दहा मिनिटं नव्हेत. सलग आठ तास बारा-तेरा अँपिअर वाहणं घरातल्या साध्या वायरिंगला झेपत नाही. हे मी स्वतः शिकलो. पहिल्या महिन्यात मी ओसरीवरचा जुना सॉकेट वापरला, ज्यावर आधी कूलर चालायचा. पहाटे तीनच्या सुमारास आई उठली आणि म्हणाली, ‘अरे, काहीतरी जळल्याचा वास येतोय.’ बाहेर येऊन पाहतो तर सॉकेटचा पांढरा चेहरा एका छिद्राभोवती तपकिरी झालेला. मेन स्विच बंद केला आणि प्लग काढायला गेलो तर निघेना. वितळलेलं प्लॅस्टिक पिनेला चिकटलं होतं. आत बघितलं तर वायर दीड चौरस मिलिमीटरची, आणि स्क्रू सैल. त्या रात्री आई जागी झाली नसती तर काय झालं असतं याचा विचार मी आजही टाळतो.

तेव्हा वायरमनला बोलावून हे सांगा: मीटरपासून थेट वेगळी लाइन, तांब्याची ४ चौरस मिलिमीटर वायर, मधे कुठेही जोड नाही, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि शेवटी औद्योगिक दर्जाचा १६ अँपिअरचा सॉकेट, पावसापासून झाकलेला. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नाही, ‘एक रात्र चालतंय’ असं म्हणूनसुद्धा नाही. पहिल्या तीन-चार रात्री चार्जिंग सुरू करून तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर ताबडतोब बंद.

अर्थिंगवर थोडं थांबतो, कारण सगळ्यांची गाडी इथेच अडते. पाटणकडे आत्याच्या घरी पहिल्यांदा गाडी नेली. चार्जर लावला, लाल दिवा. आतेभाऊ म्हणाला, ‘दादा, टीव्ही-फ्रीज सगळं चालतंय की, तुझ्या मशीनलाच काहीतरी झालंय.’ गावातला वायरमन आला. त्याने बोर्ड उघडला आणि मला वाकून बघायला सांगितलं. तीन पिनांचा सॉकेट, तिसऱ्या पिनेला हिरवी वायर व्यवस्थित जोडलेली. आणि ती हिरवी वायर बोर्डाच्या मागे बोटभर लांबीवर कापून, टोकाला गाठ मारून सोडलेली. पंधरा वर्षं त्या घरात अर्थिंग नव्हतं आणि फ्रीजने कधी तक्रार केली नव्हती. गाडीचा चार्जर तक्रार करतो, आणि तो बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी परसात खड्डा घेतला, पाइप घातला, मीठ-कोळशाचे थर दिले, चार घागरी पाणी ओतलं. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज एकवीसवरून दोनवर आला आणि दिवा हिरवा झाला. आत्याचं घर गाडीमुळे सुरक्षित झालं, असं मी त्या दिवशी तिला सांगितलं आणि ते खरंच होतं. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पंधरवड्याने पाणी घालायचं तेवढं लक्षात ठेवा.

काही ठिकाणी संध्याकाळी व्होल्टेज पडतो. अकरानंतर लावा, बहुतेक गाड्यांत वेळ ठरवून देता येते. महावितरणकडे मोबाइल नंबर नोंदवलेला असेल तर वीज बंद राहणार असल्याचा संदेश येतो. देखभालीच्या दिवसाच्या आदल्या रात्री गाडी भरून ठेवायची.

बिलाचं बघायचं तर घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटपर्यंत एक, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत. महिन्याला दीडशे-दोनशे युनिट गाडीचे आले की आपण वरच्या टप्प्यात जातो. यासाठी २०२४ च्या त्याच दुरुस्तीने गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागायचा हक्क दिला आहे, आणि महावितरणकडे चार्जिंगचा दरवर्ग वेगळा आहे. आपलं बिल समोर ठेवून दोन्ही हिशोब करा. सोसायटीत राहणाऱ्यांना याचा फायदा जास्त, कारण मीटर स्वतःच्या नावाचा असल्याने ‘आमची कॉमन वीज वापरतोय’ हा वादच उरत नाही. घरावर ३ किलोवॉटचं सोलर असेल तर ते दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतं. गाडीचे ऐंशी किलोमीटर तिथेच निघाले.

एक वही ठेवा

महिनाभर रोज रात्री तीन आकडे लिहा: किती किलोमीटर झाले, किती टक्के उरले, गाडीतला थंड हवेचा एसी चालू होता का. गाडीचा पडदा सांगतो तो पल्ला आणि आपल्या रस्त्यावरचा पल्ला वेगळा असतो. वहीमुळे मला कळलं की आमची ३० युनिटच्या बॅटरीची गाडी ताशी ७० च्या वेगाने दोनशे दहा जाते आणि १०० ने एकशे साठच. हे कळल्यावर मनातली धाकधूक गेली.

बाहेरगावी जाताना

निघण्यापूर्वी वाटेतली तीन ठिकाणं हेरून ठेवा, एक नाही. पहिलं बंद असलं, दुसऱ्यावर रांग असली, तर तिसरं. टाटा पॉवर ईझी चार्ज, स्टॅटिक, चार्ज झोन, जिओ-बीपी यांची अॅपं वेगवेगळी. प्लगशेअरवर सगळ्यांची ठिकाणं आणि लोकांचे ताजे शेरे एकत्र दिसतात. सरकारचं ‘ईव्ही यात्रा’ आणि महावितरणचं ‘पॉवरअप’ही आहे. अॅपवर हिरवी खूण असली तरी फोन करा. पंपावर कुणीतरी उचलतोच: ‘दादा, चार्जिंगचं मशीन आज चालू आहे का? सकाळपासून गाडी लागली का कुठली?’ दुसरा प्रश्न महत्त्वाचा. ‘चालू आहे’ हे सवयीने सांगितलं जातं. ‘आत्ताच एक नेक्सॉन गेली’ हे बघूनच सांगता येतं.

घाटाचा हिशोब वेगळा धरा. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने वर येताना गाडी जवळजवळ सहाशे मीटर चढते. दीड टन वजन सहाशे मीटर उचलायला शास्त्राप्रमाणेच अडीच युनिट लागतात. मोटरचं नुकसान धरून तीन. म्हणजे वीस-एकवीस किलोमीटरचा पल्ला नुसत्या चढावर गेला. पहिल्यांदा पोफळीजवळ चढ सुरू झाला आणि टक्के भराभर उतरायला लागले, तेव्हा बायको म्हणाली, ‘अहो, परत फिरूया का?’ कोयनानगरला पोचल्यावर आकडा स्थिरावला. आता चिपळूणहून निघताना तीस टक्के जादा ठेवतो. ज्या डोंगराच्या पोटात कोयनेची वीज तयार होते त्याच्याच अंगावरून आपण बॅटरी जपत जातो, याची प्रत्येक वेळी गंमत वाटते.

पोर्टेबल चार्जर नेहमी डिकीत. लॉज, मंगल कार्यालय, मित्राचं घर, कुठेही १५ अँपिअरचा सॉकेट आणि खरं अर्थिंग मिळालं की रात्र पुरते. युनिटचे पैसे आपण होऊन द्या, मागायची वेळ आणू नका. वाटेवरच्या ओळखीच्या हॉटेलवाल्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो: १३ एप्रिल २०१८ ला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलंय की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, त्यासाठी वितरणाचा परवाना लागत नाही. सात-साडेसात किलोवॉटचा एसी चार्जर लावायला डीपी उभारावी लागत नाही. लग्नाला आलेली गाडी चार-पाच तास उभीच असते. माझ्या मते तालुक्याच्या गावांना पंपावरच्या एका मोठ्या यंत्राइतकीच अशा पाच-सहा छोट्या चार्जरची गरज आहे, आणि ते कितीतरी लवकर होऊ शकतात.

राज्याच्या २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलंय. ती होईल तेव्हा होईल. आजची सहल आजच्या नकाशावर आखा.

उघडेल त्या दिवशी

पहिल्या दिवशी बॅटरी संपवून जाऊ नका. चाळीस टक्के असताना जा, म्हणजे यंत्राने दगा दिला तरी घरी येता येईल. अॅप घरीच उतरवून, ओटीपी देऊन, वॉलेटमध्ये थोडेच पैसे टाकून ठेवा, दोनशे पुरे.

दर बघताना १८ टक्के जीएसटी धरलाय की वर लागणार ते तपासा. सार्वजनिक फास्ट चार्जिंग साधारण १८ ते २५ रुपये युनिट पडतं, घरच्यापेक्षा बरंच महाग. म्हणून ते रोजचं नव्हे, प्रवासाचं आणि अडीअडचणीचं समजा.

गन शेवटपर्यंत दाबा, ‘खट्’ असा आवाज यायला हवा. मग यंत्र आणि गाडी अर्धा-एक मिनिट एकमेकांशी बोलतात. तेवढा वेळ केबल हलवू नका. जमलं नाही तर गन काढा, गाडी लॉक-अनलॉक करा, पुन्हा लावा. तरी नाही तर दुसरी गन. सुरू झाल्यावर पडद्यावर किती किलोवॉट येतायत ते बघा. बॅटरी थंड असली किंवा शेजारी दुसरी गाडी लागली असली तर कमी दिसतील, यंत्र बिघडलंय असं नव्हे. थांबवताना आधी अॅपवरून बंद, मग गाडी अनलॉक, मग गन. शेजारच्या तालुक्यात उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी एकाने तशीच गन ओढली. ती अडकली आणि तीन तास गाडी तिथेच. बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली किंवा डिकीत गन सोडवायची दोरी असते. तुमच्या गाडीत कुठे आहे ते पुस्तिकेत आजच बघून ठेवा.

शेवटी पडद्याचा फोटो काढा: युनिट, रक्कम, वेळ. ३० युनिटच्या बॅटरीत ५० टक्के भरले तर पंधरा-सोळा युनिट दिसायला हवेत. वीस दिसले तर कंपनीला फोटोसकट कळवा. बंद पडलं तर यंत्राचा क्रमांक, पडद्यावर आलेला एरर कोड आणि वेळ, या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय तक्रारीला गती येत नाही. पंपावाल्याशी भांडू नका. त्याच्या हातात बहुधा फक्त मेन स्विच असतो.

ऐंशी टक्के झाले की वेग मंदावतो. मागे कुणी उभं असेल तर गाडी काढा. काचेवर मोबाइल नंबर लिहिलेला कागद ठेवा. आणि रात्री तिथे दिवा आहे का, स्वच्छतागृह उघडं असतं का, हे पहिल्याच आठवड्यात बघून मॅनेजरना सांगा. माझी बहीण साताऱ्याहून रात्री एकटी येते. तिच्यासाठी ६० किलोवॉटपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे. चार्जरसमोरच्या जागेत पेट्रोलच्या गाड्या लागू नयेत म्हणून हिरवा रंग मारून घ्यायचं कामही तेव्हाच होतं, नंतर कुणी ऐकत नाही.

आमच्या पंपावर परवा मीटरची पेटी बसली. अजून सील लागलेलं नाही. अर्थिंगच्या चार खड्ड्यांपैकी तिनांवर झाकणं आहेत, चौथ्यात ठेकेदाराच्या माणसाने काल संध्याकाळी माझ्यासमोर पाणी ओतलं.